टाइप २२ रेडिएटर, पोकळ भिंत आणि एक अख्खा हिवाळा

घर इंग्लंडमधल्या लेस्टरमधलं, १९३०च्या दशकातलं. हॉलमधला जुना सिंगल पॅनेल रेडिएटर (आत गरम पाणी फिरवून खोली तापवणारा भिंतीवरचा पत्रा) काढून ऑक्टोबरमध्ये त्याच जागी ६०० बाय १२०० मिलिमीटरचा टाइप २२ बसवून घेतला. म्हणजे दोन पॅनेल आणि आत नालीदार पत्र्याच्या दोन रांगा. आता मे उजाडलाय. रेडिएटर उत्तम आहे, पण खरं सांगण्यासारखं आहे ते भिंतीबद्दल.

आमच्याकडे विटांच्या भिंतीवर चिकट मसाल्याचे गोळे मारून प्लास्टरबोर्ड, म्हणजे जिप्समची फळी, बसवलाय. इकडे याला डॉट अँड डॅब म्हणतात. टकटक केली की एके ठिकाणी भरीव आवाज, वीतभर पुढे पोकळ. बोर्डाची जाडी १२.५ मिलिमीटर, मागे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर हवा. हा रेडिएटर रिकामा असतानाच चाळीस किलोच्या घरात जातो, वर आतलं पाणी. नुसत्या बोर्डावर तो टांगायचा विचारही नको. साध्या प्लगमध्ये (भोकात बसवायच्या प्लॅस्टिकच्या नळीत) लांब स्क्रू घालून विटेपर्यंत गेलं तरी दुसरी अडचण आहेच: स्क्रू आवळला की बोर्ड आत दबतो आणि ब्रॅकेट वाकडा होतो. म्हणून पोकळीत आधार देणारी पोलादी नळी असलेले फिक्सिंग लागतात. आमच्या प्लंबरने कोअरफिक्स वापरले. साध्या प्लगपेक्षा बरेच महाग पडले, पण सहा-सात महिन्यांत ब्रॅकेट केसभरही हललेला नाही. पोरं टेकून बसतात, तरीही.

लांबी-उंची तीच घेतली म्हणजे जुने पाइप जसेच्या तसे जुळतील, असं दुकानदार सांगतात ते अर्धंच खरं. टाइप २२ जाड असतो, त्यामुळे दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह भिंतीपासून दोनेक सेंटिमीटर पुढे येतात. आमची जमीन लाकडी फळ्यांची, खालच्या तांब्याच्या पाइपांना थोडी लवचीकता होती, म्हणून निभावलं. काँक्रीटची जमीन असेल तर पाइप सरकवायचा खर्च आधीच विचारून घ्या.

आता उष्णतेचं. खोक्यावरचे वॅट वाचून हुरळून जाऊ नका. तो आकडा पाणी सरासरी ७० अंश आणि खोली २० अंश धरून काढलेला असतो. पाणी सरासरी ५० वर आणलं की उष्णता जवळजवळ निम्मी होते. आम्ही दोन पॅनेलचा मोठा घेतला तो नेमका कमी गरम पाण्यावर चालावा यासाठीच. हे पाणी तापवणाऱ्या कंडेन्सिंग बॉयलरला रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली मिळालं तरच तो धुरातली उष्णता नीट परत मिळवतो. आता बॉयलर ५५ वर लावलाय, आणि जुना सिंगल पॅनेल कढत पाण्यावर जेवढं तापवायचा, जवळपास तेवढी ऊब हा कोमट म्हणावा अशा पाण्यावर देतो. खोली सावकाश तापते, हे मात्र खरं. संध्याकाळी घरी आल्यावर बटण दाबून पाच मिनिटांत ऊब हवी असणाऱ्यांना हे पटणार नाही. दही मात्र यंदा जानेवारीतही कवडीदार लागलं. भांडं शेजारच्या स्टुलावर.

किरकोळ कटकटी: पहिले काही दिवस रंगाचा वास आला. तापताना टिक-टिक आवाज यायचा. धातू प्रसरण पावताना ब्रॅकेटला घासत होता, प्लॅस्टिकचे तुकडे नीट बसवल्यावर थांबला. वरचा भाग गार लागला की चावीने हवा सोडायची आणि मग बॉयलरचं प्रेशर बघायचं; गार असताना १ ते १.५ बार हवं. आतल्या पत्र्यांत धूळ प्रचंड बसते, वरची जाळी निघते तेवढं बरं. लांब पडदा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हवर (खोलीच्या तापमानानुसार रेडिएटरचं पाणी आपोआप कमी-जास्त करणाऱ्या) आला तर त्याला खोली तापली असं वाटतं आणि तो बंद होतो, म्हणून आमचे पडदे आता खिडकीच्या कठड्यापर्यंतच.

उन्हाळ्यात व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवलाय, म्हणजे आतली पिन अडकत नाही. पुढची पाळी बेडरूमची. तिथली भिंत लाकडी चौकटीवरच्या बोर्डाची आहे, मागे वीटच नाही. त्यामुळे रंगकामाआधी बोर्ड कापून उभ्या लाकडांच्या मध्ये आडवं लाकूड ठोकून घेणार आहोत, आणि ब्रॅकेट त्यालाच.