निगेटिव्ह जपले म्हणून: 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चा ब्लू-रे संच

गेल्या वर्षी मिरगाच्या पहिल्या पावसात सुरू करून दसऱ्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत बाबांनी आणि मी 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अवकाशयानावर घडणाऱ्या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेचे सातही सीझन ब्लू-रे डिस्कवरून पाहून पूर्ण केले. एकूण 178 भाग आहेत, आणि वेंगुर्ल्याचा पाऊस संध्याकाळनंतर माणसाला घराबाहेर पडू देत नाही, त्यामुळे रोज एक-दोन भाग असा नेम सहज पाळला गेला. ही मालिका आम्ही दोघांनी 1990 च्या दशकात केबलवर, जमेल तशी, मधले भाग गाळत पाहिली होती. तीच मालिका आता पुन्हा पाहताना मला सतत वाटत राहिले की त्या वेळी आम्ही मालिका पाहिलीच नव्हती, तिची छाया पाहिली होती. हे वाटणे केवळ भावनेचे नाही, त्याला तांत्रिक कारण आहे, आणि ते समजले तरच या संचाची खरी किंमत कळते.

सप्टेंबर 1987 ते मे 1994 या काळात प्रथम प्रसारित झालेल्या या मालिकेचे चित्रीकरण 35 मिलिमीटरच्या फिल्मवर झाले होते. चित्रपटगृहातला चित्रपट ज्या फिल्मवर घेतला जात असे, तीच ही फिल्म. मात्र संकलन फिल्मवर झाले नाही. वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी निगेटिव्हवरची दृश्ये आधी व्हिडिओ टेपवर उतरवली जात, आणि त्यानंतरची जुळवाजुळव, यान आणि अवकाश एकत्र बसवणे, शस्त्रांचे झोत रंगवणे, हे सर्व टेपवरच केले जाई. त्यामुळे पूर्ण झालेला भाग अस्तित्वात होता तो फक्त अमेरिकी पद्धतीच्या 525 ओळींच्या टेपवर, आणि त्या ओळींपैकी पडद्यावर प्रत्यक्ष दिसणाऱ्या ओळी सुमारे 480 च होत्या. आपल्याकडची तेव्हाची पद्धत 625 ओळींची आणि सेकंदाला 25 फ्रेमची, अमेरिकेची सेकंदाला सुमारे 30 फ्रेमची, आणि मूळ फिल्म 24 फ्रेमची. म्हणजे 24 चे 30 करताना एकदा आणि 30 चे 25 करताना दुसऱ्यांदा चित्र फेटले गेले, आणि मग ते उपग्रहावरून, केबलवाल्याच्या तारेवरून, माडांच्या झावळ्या घासणाऱ्या जोडणीतून आमच्या ओटीवरच्या टीव्हीपर्यंत पोहोचले. माणूस चालला की त्याच्या मागे पुसट सावली ओढली जायची आणि लाल रंग कडेने पसरायचा. आम्ही तो दोष केबलवाल्याच्या माथी मारत असू. त्यातला बराचसा दोष त्याचा नव्हता, हे मला या वयात कळले.

एचडी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा मालिकेचे हक्क असलेल्या सीबीएस या अमेरिकी कंपनीपुढे दोन मार्ग होते. टेपवरचे चित्र यंत्राने ताणून 1080 ओळींचे करणे हा सोपा मार्ग होता. त्यात ओळी वाढतात, पण जो तपशील टेपवर कधी उतरलाच नाही तो कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. फार तर अंदाजाने काहीतरी भरू शकते. त्यांनी दुसरा मार्ग घेतला. गोदामांत ठेवलेले निगेटिव्हचे हजारो डबे उघडून, प्रत्येक दृश्याचे नेमके कोणते चित्रण अंतिम भागात वापरले गेले होते ते शोधून, ते नव्याने स्कॅन करून, जुन्या टेपशी फ्रेमला फ्रेम जुळवत सगळे भाग पहिल्यापासून पुन्हा संकलित केले. यानांच्या प्रतिकृतींचे चित्रणही फिल्मवर होते. त्याचे सुटे थर एकमेकांवर बसवण्याचे काम 25 वर्षांनंतर दुसऱ्यांदा, या वेळी पूर्ण तपशिलासह, करण्यात आले. पहिला सीझन जुलै 2012 मध्ये आला आणि सातवा डिसेंबर 2014 मध्ये. एखाद्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी इतके कष्ट घेतल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

पडद्यावर याचा परिणाम काय दिसतो? पहिल्याच संध्याकाळी, डेटा या यंत्रमानवाचा चेहरा जवळून दिसला तेव्हा बाबा म्हणाले, "गो, ह्येचा तोंड सोनेरी आसा! माका आजपर्यंत पांढराच वाटला." डेटाची भूमिका करणाऱ्या ब्रेंट स्पायनर यांच्या चेहऱ्यावरची ती फिकट सोनेरी झाक पूर्वी आमच्यापर्यंत आलीच नव्हती. कॅप्टन पिकार्डच्या मागे यानाच्या मुख्य कक्षात जो घोड्याच्या नालेसारखा वळलेला लाकडी कठडा आहे, त्याच्या लाकडाच्या रेषा आता मोजता येतात. पहिल्या दोन सीझनमधले अंगाला ताणून बसणारे गणवेश आणि तिसऱ्या सीझनपासूनचे लोकरी कापडाचे, उभ्या कॉलरचे गणवेश यांतला फरक मला आठवत होता तो फक्त कापडाच्या कटाचा; आता कापडाचा पोतही दिसतो आणि पिकार्ड साकारणारे पॅट्रिक स्ट्युअर्ट त्या लोकरी गणवेशात अधिक भारदस्त का वाटतात तेही उमगते. 'यस्टरडेज एंटरप्राइज' या भागात तोच परिचित कक्ष युद्धकाळातला म्हणून अंधारा आणि थंड निळसर प्रकाशात उभा केला आहे. जुन्या प्रसारणात तो फक्त काळाकुट्ट दिसे आणि आमच्या घरात टीव्हीचा ब्राइटनेस वाढवण्यावरून वाद होई. ब्लू-रेवर त्या अंधारात चेहरे आहेत, चेहऱ्यांवर थकवा आहे, आणि प्रकाशयोजना करणाऱ्याने काय सांगायचे ठरवले होते ते शब्दाविना पोहोचते.

फिल्मचे दाणे, म्हणजे चित्रावर दिसणारे तिचे बारीक कण, ठेवले आहेत, ही मला विशेष समाधानाची गोष्ट वाटते. काही जुन्या कलाकृतींच्या नव्या आवृत्तींत दाणे इतके पुसून काढलेले असतात की चेहरे मेणाचे वाटू लागतात. इथे त्वचा त्वचेसारखी आहे. इतक्या स्पष्टतेत अर्थातच लपवलेल्या गोष्टीही उघड्या पडतात: कक्षाच्या मागच्या चकचकीत काळ्या पडद्यांवर दिव्यांचे प्रतिबिंब पडू नये म्हणून चिकटवलेले काळे पुठ्ठे काही दृश्यांत सरळ दिसतात. ते संगणकाने पुसून टाकले नाहीत, हे मला योग्य वाटते. ते पुठ्ठे चिकटवणारा कारागीरही या मालिकेचा भाग आहे.

चित्राची चौकट हा असाच जिव्हाळ्याचा मुद्दा आहे. ही मालिका 4:3 च्या, म्हणजे जुन्या टीव्हीच्या चौकोनी वळणाच्या, चौकटीसाठी रचलेली होती आणि डिस्कवरही ती तशीच आहे, म्हणजे आजच्या रुंद टीव्हीवर डाव्या-उजव्या बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी "पडदा पूर्ण भरत का नाही?" असे विचारले, आणि अनेकांना हे खटकते हे मी समजू शकते. पण पडदा भरण्यासाठी एकतर वरचे-खालचे चित्र कापावे लागते किंवा फिल्मच्या कडेचा जो भाग कधी दाखवायचाच नव्हता तो उघडा करावा लागतो, आणि तिथे दिवे, सामान, सेटची संपलेली भिंत असे काहीही असू शकते. 'साइनफेल्ड' ही मालिका रुंद चौकटीत कापून दाखवताना एका भागात रस्त्यावरचा ज्या खड्ड्यावरून सगळी गंमत चालली आहे तो खड्डाच चौकटीबाहेर गेला होता. 'द सिम्पसन्स'च्या जुन्या भागांतले विनोदही 2019 मध्ये असेच कापले गेले आणि प्रेक्षकांच्या तक्रारीनंतर पुढच्या वर्षी मूळ चौकट उपलब्ध करून द्यावी लागली. काळ्या पट्ट्या ही त्या मानाने फारच छोटी किंमत आहे.

विशेष दृश्यांबाबतही हाच विवेक दिसतो. 1960 च्या दशकातल्या मूळ 'स्टार ट्रेक'चे 2006 मध्ये रिमास्टरिंग, म्हणजे जुन्या चित्रणातून नवी सुधारित प्रत काढण्याचे काम, झाले तेव्हा जुन्या यानदृश्यांच्या जागी संगणकावर तयार केलेली नवी दृश्ये बसवली गेली होती. ब्लू-रेवर जुनी की नवी हे निवडण्याची सोय आहे, ही गोष्ट वेगळी. 'नेक्स्ट जनरेशन'च्या वेळी जिथे फिल्मवरचे मूळ चित्रण सापडले तिथे तेच वापरले, आणि जे टेपवरच जन्मले होते तेवढेच नव्याने केले. 'डेटालोर' भागातला महाकाय स्फटिकजीव त्यांपैकी एक. तो नवा असूनही आजूबाजूच्या दृश्यांत उपरा वाटत नाही. निगेटिव्ह सापडलेच नाही असेही क्वचित घडले. 2012 च्या आरंभी जी नमुना डिस्क निघाली होती, तीत 'सिन्स ऑफ द फादर' या भागातली सुमारे 13 सेकंदांची दृश्ये टेपवरून ताणून वापरावी लागली होती.

उणिवा आहेतच. दुसऱ्या सीझनचे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवले गेले होते आणि तो फरक डोळ्यांना जाणवतो; रंग काहीसे वेगळे आहेत, यानाच्या दृश्यांची जुळणी पहिल्या आणि तिसऱ्या सीझनइतकी नेटकी नाही. पहिल्या सीझनच्या सुरुवातीच्या प्रतींत काही डिस्कवर पुढच्या स्पीकरांचे आवाज चुकीच्या बाजूंना गेले होते आणि त्या डिस्क नंतर बदलून दिल्या गेल्या, म्हणून जुनी प्रत विकत घेणाऱ्यांनी ते आधी तपासावे. इंग्रजी उपशीर्षके आहेत, त्यामुळे बाबांना संवाद समजायला अडचण आली नाही. मराठी उपशीर्षके असती तर आमच्या शेजारच्या काकूही बसल्या असत्या.

त्याच दुसऱ्या सीझनमध्ये मला सर्वांत भिडलेली गोष्ट आहे. 'द मेझर ऑफ अ मॅन' या, डेटा ही वस्तू की व्यक्ती याचा न्यायनिवाडा करणाऱ्या भागाची मोठी आवृत्ती तिथे दिली आहे. प्रसारणासाठी कापलेली दृश्ये तीत परत आली, आणि ती कोणती व कुठे होती हे कळले ते लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास यांनी स्वतःजवळ ठेवलेल्या एका व्हीएचएस कॅसेटवरून. एवढ्या मोठ्या कंपनीच्या गोदामातून जे कळले नाही, ते एका घरातल्या कपाटातून कळले.

हे वाचले त्या दिवशी मी आमचे कपाट उघडले. बाबांनी केबलवरून रेकॉर्ड केलेल्या 22 कॅसेट तिथे होत्या, आणि कॅसेटच्या खिडकीतून पाहिले तर बहुतेकींच्या फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी चढलेली होती. किनाऱ्यावरच्या दमट हवेत चुंबकीय फितीचे असेच होते. त्यांतल्या एकीवर या मालिकेचे दोन भाग आहेत आणि उरलेल्या फितीवर मुंबईच्या काकांनी कॅमेरा आणून टिपलेला, शेजारच्या गावच्या जत्रेतला दशावतार आहे. ती आम्ही डिजिटल करून घेण्यासाठी एका दुकानात दिली. तिथे बुरशी साफ न करताच कॅसेट यंत्रात घातली गेली, फीत अडकली आणि तुटली. मालिकेच्या त्या दोन भागांचे दुःख नाही, कारण त्यांचे निगेटिव्ह अमेरिकेत सुखरूप होते. दशावताराची मात्र ती एकच प्रत होती. आपल्या दूरदर्शनच्या स्टुडिओत टेपवरच ध्वनिचित्रमुद्रित झालेल्या मालिकांचीही स्थिती तत्त्वतः हीच आहे: टेपवर 576 दृश्य ओळी आहेत, त्याहून अधिक काही त्यांच्यामागे दडलेले नाही, म्हणून तीच टेप वेळेवर साफ करून उत्तम यंत्रावर उतरवून घेणे हेच त्यांचे रिमास्टरिंग. तुटलेली फीत आता मी सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवली आहे. ती जोडू शकणारे जाणकार हात शोधते आहे.

घेण्याविषयी थोडे. संच परदेशातून मागवावा लागतो आणि स्वस्त नाही. ब्लू-रे डिस्क जगाच्या विभागांनुसार निघतात आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालेलच असे नाही; भारत 'सी' विभागात येतो, तेव्हा मागवण्यापूर्वी डिस्क कोणत्या विभागाची आहे ते विक्रेत्याला विचारून घ्यावे. माझ्याकडच्या सर्व डिस्क माझ्या साध्या प्लेअरवर चालल्या. पावसात फांदी पडून इंटरनेट चार-चार दिवस बंद राहते अशा गावात राहणाऱ्यांना डिस्कचे महत्त्व वेगळे सांगायला नको. इन्व्हर्टरवर प्लेअर आणि टीव्ही दोन भागांपुरते आरामात चालतात. डिस्क लोखंडी कपाटात उभ्या ठेवाव्यात, आणि श्रावणात एकदा सगळी खोकी उघडून कोरड्या मऊ कापडाने मधून कडेकडे पुसून घ्यावीत.

सातही सीझन एकदम घेणे परवडणार नसेल, तर तिसऱ्यापासून सुरुवात करावी. काम सर्वांत सफाईदार तिथे झाले आहे, कथाही तिथे बहरतात, आणि 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'च्या पूर्वार्धावर तो सीझन अशा ठिकाणी थांबतो की चौथा मागवावाच लागतो. आमच्याकडे तो पूर्वार्ध संपला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, बाहेर पागोळ्यांची संततधार लागली होती, आणि एरवी नऊला झोपणाऱ्या बाबांनी स्वतः उठून पुढची डिस्क लावली.