सायकल, पूल की ट्रेडमिल? सीपी असलेल्या मुलासाठी एरोबिक निवडताना

मागच्या आठवड्यात थेरपी सेंटरच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका आईने विचारलं, "ताई, दम लागेपर्यंत व्यायाम केला की डोकं पण तरतरीत होतं म्हणे, मग पोहायला घालू, तीन चाकी सायकल घेऊ की हे ट्रेडमिलचं पॅकेज घेऊ?" हातात पत्रक होतं, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ, आणि वर मेंदूचं रंगीत चित्र. तेवढ्यात आमचा नंबर लागला म्हणून अर्धंच बोलणं झालं, उरलेलं आता सांगते.

आधी आमचं सांगते म्हणजे तुलना कुठून करतेय ते कळेल. मुलगा ९ वर्षांचा, सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा कमी राहतो ती. त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे पाय कडक, हात बऱ्यापैकी. जीएमएफसीएस, म्हणजे मूल किती हालचाल करू शकतं याची पट्टी, त्यात लेव्हल २. हे लेव्हलचं प्रकरण १९९७ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या लोकांनी बसवलं, १ म्हणजे चालतो-पळतो आणि ५ म्हणजे मान-धड सांभाळायलाही आधार लागतो. तुमच्या मुलाची लेव्हल माहीत नसेल तर फिजिओला विचारा, कारण बाकी सगळी निवड तिथूनच सुरू होते. लेव्हल ४ च्या मुलाच्या आईने माझं ऐकून साधी सायकल घेतली तर पैसे पाण्यात.

आता त्या मेंदूच्या चित्राबद्दल. पत्रकात लिहिलेलं अगदीच खोटं नसतं, पण ते दुसऱ्याच्या मुलांचं असतं. अमेरिकेत इलिनॉयला हिलमन यांच्या टीमने ७ ते ९ वर्षांच्या २२१ मुलांवर प्रयोग केला होता, २०१४ मध्ये छापून आला. शाळा सुटल्यावर नऊ महिने पळापळीचे खेळ, आणि त्या मुलांचं लक्ष, मोहावर ताबा, एका कामातून दुसऱ्यात जाणं, हे सुधारलेलं दिसलं. छान आहे, पण ती मुलं सीपीची नव्हती. हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, वाढल्याचा जो दाखला सगळे देतात तो तर वयस्कर माणसांचा, वर्षभर चालण्याचा.

सीपीत काय आहे? २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये वर्शुरेन यांनी लेव्हल १ आणि २ च्या मुलांना आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं, आठ महिने सर्किट ट्रेनिंग, म्हणजे एकामागून एक वेगवेगळे व्यायाम, दिलं. दम वाढला, ताकद वाढली, मुलं बाहेरच्या गोष्टींत जास्त भाग घ्यायला लागली, आणि एक गंमत म्हणजे जीवनमानाच्या प्रश्नावलीत आकलनाचा जो भाग असतो त्यातही फरक आला. पण ती प्रश्नावली होती हो, लक्ष कसं लागतं, अभ्यास समजतो का या धर्तीची. मेंदूची चाचणी नव्हे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (सगळे प्रयोग एकत्र तपासून निष्कर्ष काढणारी ही संस्था) २९ चाचण्या आणि ९२६ लोक होते, त्यांचं म्हणणं एवढंच की एरोबिकने, म्हणजे दम वाढवणाऱ्या व्यायामाने, हालचालीत सुधारणा होऊ शकते, चालण्याचा वेग वाढत नाही, आणि पुरावा तसा कच्चा आहे. म्हणजे "तीन महिन्यांत बुद्धी वाढेल" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर पर्स बंद करा.

मग करायचंच कशाला? तर शरीरासाठी करायचंच आहे, आणि लक्ष लागण्याला मदत व्हायची शक्यता खरी आहे. आपल्या मुलांना चालायलाच इतरांपेक्षा कितीतरी जास्त शक्ती लागते, शाळेत तिसऱ्या तासाला ती संपलेली असते, मग बाईंना वाटतं याचं लक्ष नाही. (आमच्या वहीत लाल पेनने "चंचल" लिहून आलं होतं. चंचल कसला, दमलेला होता.) दम वाढला तर डोक्यासाठी थोडं काही शिल्लक राहतं, हे माझं साधं गणित.

आता मोजमाप. २०१६ मध्ये सीपीसाठी ज्या व्यायामाच्या शिफारशी आल्या त्यात एरोबिक आठवड्यातून एक-दोनदा सुरू करून तीनदा करायचं, दर वेळी किमान २० मिनिटं, पल्स कमाल पल्सच्या ६० टक्क्यांच्या वर, आणि तीनदा होत असेल तर सलग ८ आठवडे, दोनदाच होत असेल तर १६ आठवडे. कमाल पल्स काढायचं ते २२० वजा वयाचं सूत्र मुलांना लावू नका, चालणाऱ्या मुलांची कमाल पल्स साधारण १९० ते १९५ असते असं धरलं तर ११५-१२० च्या वर राहिली की चाललं. "बोलता येतं पण गाता येत नाही" ही जी टेस्ट सांगतात ती आमच्याकडे फेल, कारण याचं बोलणंच मुळात अडखळत, आणि गाणं तो धाप लागली तरी म्हणतो. मी कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर वापरते. उजवी मूठ आवळलेली असते म्हणून डाव्या हाताला, आणि आधी थांबवायचं, हलत्या बोटावर तो काहीही आकडे दाखवतो.

या मापाने तिन्ही गोष्टी मी खरंच घड्याळ लावून बघितल्या.

पूल सगळ्यात लाडका, डॉक्टर पण आधी तेच सांगतात. पाण्यात वजन जाणवत नाही, जे पाय जमिनीवर कात्रीसारखे अडकतात ते सुटे होतात, आणि लेव्हल ४-५ च्या मुलाला स्वतःच्या जोरावर हलायचं सुख बहुतेक इथेच मिळतं. हॅलिविक नावाची पद्धत आहे, १९४९ मध्ये लंडनच्या एका अपंग मुलींच्या शाळेत सुरू झालेली, त्यात आधी श्वास आणि तोल, मग पोहणं. शिकवणारा तसा मिळाला तर सोडू नका. पण आमचा हिशोब ऐका. घरातून निघून परत येईपर्यंत पावणेदोन तास, त्यात कपडे, शॉवर, एएफओ, म्हणजे घोट्याचे प्लास्टिकचे आधार, काढा-घाला, आणि पाण्यातल्या पाऊण तासात प्रत्यक्ष हातपाय हलले १४ मिनिटं. बाकी वेळ कडेला धरून रांगेत. पाणी गार असलं की स्पास्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा कडकपणा, उलट वाढते, डिसेंबरमध्ये तो ओठ निळे करून बाहेर यायचा आणि पाय लाकडासारखे. एका पूलवर तर मॅनेजरने "बाकीच्या पालकांना चालणार नाही" म्हणून दुपारची दोनची वेळ दिली, उन्हाळ्यात. फिट येत असतील, आणि सीपीतल्या साधारण चारातल्या एकाला एपिलेप्सी असते, तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाण्यात हवंच, काठावर खुर्ची टाकून मोबाईल बघणारं नको. हे मी सगळ्यांना दोनदा सांगते.

ट्रेडमिलचं म्हणाल तर पल्स सगळ्यात सरळ राहते. वेग ठरवता येतो, हार्नेस, म्हणजे वरून धरून ठेवणारे पट्टे, असेल तर पडायची भीती नाही, पावसाळा नाही, कुत्री नाहीत. लेव्हल ३ च्या मुलाला, जो वॉकरवर चालतो, त्याला सलग २० मिनिटं चालवायचा हा जवळजवळ एकच मार्ग. पण माझा मुलगा तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, आपण कुठे चाललोय?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. सेंटरवाल्यांनी समोर कार्टून लावलं तर तो पाय ओढायला लागला, टाच टेकेना, कारण लक्ष वर. आणि इथे तो डोक्याचा मुद्दा येतो. कॅनडातल्या अॅडेल डायमंड यांचं म्हणणं असं की ज्यात विचार करावा लागत नाही असा नुसता व्यायाम, त्याने एक्झिक्युटिव्ह फंक्शनला, म्हणजे स्वतःला थांबवणं, लक्षात धरून ठेवणं, पवित्रा बदलणं याला, फारसा फायदा होत नाही. हिलमन आणि त्यांच्या बाजूचे लोक हे मानत नाहीत, दोघांची जुंपलेली आहे. मला वाद सोडवता येणार नाही, पण भिंतीकडे बघत चालणाऱ्या पोराचा चेहरा मी पाहिलाय.

सायकल आम्ही सेकंडहँड घेतली, तीन चाकी, मागे छोटी डिकी. पेडलला वेल्क्रोचे पट्टे एका चांभारदादांनी लावून दिले, टाच मागे सरकू नये म्हणून पत्र्याचा कठडाही त्यांनीच सुचवला. पहिला आठवडा नुसती भांडणं, कारण डावा पाय सगळं काम करायचा आणि उजवा नुसता फिरायचा. फिजिओ म्हणाली सीट दोन बोटं वर घ्या. घेतली, आणि चालली.

आमच्या पार्किंगमध्ये खांबांवर नंबर आहेत, १ ते २४. आम्ही खेळ असा काढला की विषम नंबरच्या खांबापाशी घंटी वाजवायची, समला ब्रेक, आणि ज्या गाडीला निळं कव्हर आहे तिच्याशेजारच्या खांबाला काहीच करायचं नाही. पहिल्यांदा तो प्रत्येक खांबाला घंटी वाजवत सुटला. मग दोन फेऱ्यांनी स्वतःच ओरडायला लागला "थांब थांब, सम आहे!" आणि ब्रेक दाबायच्या आत लाळ हनुवटीवर, रुमाल ओला, पल्स १३८. वॉचमनकाका आता नियम बदलतात, परवा त्यांनी सांगितलं की आज उलटं, आणि याने तीन खांब चुकून चौथ्याला बरोबर केलं. स्वतःला थांबवणं, नियम धरून ठेवणं, नियम बदलला की बदलणं, तिन्ही एकाच फेरीत, फुकट. असला खेळ पूलमध्ये किंवा ट्रेडमिलवर जमत नाही असं नाही, पण तिथे तुम्ही दुसऱ्याच्या वेळापत्रकात असता.

सायकलचे तोटे पण आहेत. जुलैमध्ये पार्किंगमध्ये घोटाभर पाणी, पंधरा दिवस बंद, नंतर परत शून्यापासून नाही पण चारापासून तरी सुरू करावं लागलं. धड सांभाळता येत नसेल तर पाठीला-छातीला आधार असलेली सायकल लागते, ती महाग, आणि दुरुस्तीला कोणी हात लावत नाही. आणि हिप. सीपीत साधारण तिघांतल्या एकाचा खुबा सरकलेला असतो, तेव्हा मांडीच्या सांध्याचा एक्स-रे जुना झाला असेल तर कुठलीही सायकल घ्यायच्या आधी ऑर्थोला दाखवा.

घरात टीव्हीसमोर हलायचे गेम, हा चौथा पर्याय बरेच जण विचारतात. ऑस्ट्रेलियात घरी कम्प्युटरवर करायचा एक कार्यक्रम, हाताची कामं आणि डोक्याचे खेळ एकत्र, २० आठवडे करून बघितला, एका बाजूचा सीपी असलेल्या मुलांवर. एक्झिक्युटिव्ह फंक्शनमध्ये नेहमीच्या थेरपीपेक्षा काही विशेष हाती लागलं नाही. पावसाळ्यात मी लावते, नाही असं नाही. पण तो सोफ्यावर बसून नुसता हात हलवून जिंकायला शिकला.

आणि चिमटा काढणारी गोष्ट ही की सीपीच्या मुलांत लक्षाची खरी चाचणी घेऊन फरक दाखवणारा एक चांगला प्रयोग आहे तो एरोबिकचा नाहीच, योगाचा आहे. तोही ऑस्ट्रेलियाचाच, २०१८ चा, आठ आठवडे, आई-बाप आणि मूल मिळून, हालचाल आणि श्वासावर ध्यान. आपण इथे योगाला "त्याला कुठे जमणार" म्हणून बाजूला ठेवलेला असतो. आम्ही रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं करतो, पल्स वाढत नाही त्यामुळे तो सायकलच्या बदल्यात नाही, जोडीला.

तर त्या ताईंसाठी माझं मत. मूल चालतं-फिरतं असेल, लेव्हल १ किंवा २, तर सायकल किंवा पळापळीचे नियमवाले खेळ, पूल आठवड्यातून एकदा मजेसाठी. लेव्हल ३ असेल तर ट्रेडमिल दोन महिने करून दम तयार करा, पण महिन्या-महिन्याने पैसे भरा, आणि मधल्या दिवसांत आधाराची सायकल कुठे वापरायला मिळते का बघा. लेव्हल ४-५ ला गरम पाण्याचा पूल आणि हॅलिविक जाणणारा माणूस मिळाला तर त्याच्यापुढे काही नाही. (डेन्मार्कमध्ये १९९१ पासून तीन चाकांची, पेडल नसलेली, छाती टेकवून पायाने ढकलत पळायची फ्रेम आहे. व्हिडिओ बघून रडले होते मी, पळत होती पोरं.) पैशाचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात सीपी येतं, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीची बिलं त्यात घालता येतात, तेव्हा सेंटरकडून पावती नीट मागून घ्या, कच्च्या चिठ्ठीवर नाही.

फरक पडला का, हे सगळे विचारतात. सायकलच्या दिवशी संध्याकाळी तो गणिताला सलग वीस-पंचवीस मिनिटं बसतो, मधे "आई पाणी" नाही. आता हे डोकं सुधारलं म्हणून की दमून उठायचा कंटाळा म्हणून, मला सांगता येत नाही. परवा मात्र मी घाईत जिन्याखाली त्याचा हात सोडून पुढे गेले, आणि तो मागून म्हणाला, "आई थांब, आज सम आहे."