कोको निब्स आणि घरची काळी बियर: आठ महिने, चार बॅच

आधी एक सांगून टाकतो. मी अमेरिकेत मिनेसोटात राहतो, इथे १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टरनी सही केलेला कायदा १९७९ मध्ये लागू झाला तेव्हापासून घरी स्वतःपुरती बियर बनवायला केंद्राच्या कायद्याची आडकाठी नाही, दोन मोठी माणसं घरात असली तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत, म्हणजे साडेसातशे लिटर, आंघोळ केली तरी उरेल. आपल्या महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि लायसन्सशिवाय घरी बियर करणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्यांनी हे वाचून लगेच बादली शोधायला उठू नका.

तर, साधी स्टाऊट, म्हणजे भाजलेल्या जवाची काळी बियर, दोनदा जमली होती. पाच गॅलनचं किट, म्हणजे साधारण १९ लिटर, माल्टचं पाणी उकळून गार करायचं, यीस्ट घालून तळघरात १८-१९ डिग्रीला बादलीत आंबत ठेवायचं, दोन आठवड्यांनी बाटल्या भरायच्या, विषय संपला. मग एकदा यंग्ज या इंग्लिश कंपनीची डबल चॉकलेट स्टाऊट प्यायलो आणि डोक्यात किडा वळवळला. किटच्या कागदावर ‘चॉकलेट माल्ट’ लिहिलेलं वाचून मला वाटायचं यात चॉकलेट असतंच की. काही नसतं! माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, आणि हे चॉकलेटच्या रंगावर येईपर्यंत भाजलेले असतात, म्हणून ते नाव.

पहिली बॅच ऑक्टोबरमध्ये. चॉकलेट म्हणजे कोको पावडर, इतकं साधं गणित, उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत सव्वादोनशे ग्रॅम बिनसाखरेची पावडर ओतली आणि डावाने ढवळली. तळघरात असा वास सुटला की बायको खाली येऊन विचारून गेली केक कधी होतोय. दोन आठवड्यांनी झाकण काढलं तर तळाला चार बोटं गाळ, कपाच्या तळाशी बोर्नव्हिटा उरतो ना तसा, पण बादलीभर. बाटल्या भरायच्या नळीत तो गाळ शिरला, नळी तुंबली, मी तोंडाने ओढायला गेलो (हे करू नका, तोंडातले जंतू थेट बियरमध्ये) आणि शर्टाची वाट लागली. पन्नासच्या आसपास बाटल्या निघायला हव्यात तिथे ४१ निघाल्या आणि चव नुसती कडू, जिभेवर पीठ पसरल्यासारखी. पावडर विरघळतच नाही हो, ती नुसती तरंगते आणि मग बसते.

दुसऱ्या बॅचला म्हणलं गाळाची भानगडच नको, दुकानातून चॉकलेट इसेन्स आणला. बियर बाटल्यांत भरायच्या आधी इसेन्सच्या बाटलीवर लिहिलं होतं तेवढा घातला, चाखला, कमी वाटला, अजून दोन चमचे. आधीच मर्कट त्यात मद्य प्यायला. महिन्याने पहिली बाटली उघडली तर थेट लहानपणचं खोकल्याचं औषध. मित्र घरी आले होते, एकाने एक घोट घेतला आणि ग्लास अगदी अलगद कुंडीशेजारी ठेवला, मी पाहिलं ते. त्यातल्या वीसेक बाटल्या अजून तळघरात आहेत, ओतून द्यायचा धीर होत नाही.

म्हणून आता मूळ मुद्द्यावर, निब्स. निब्स म्हणजे कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून, साल काढून केलेले तुकडे. साखर शून्य, पण निम्म्याच्या आसपास वजन चरबीचं असतं, आणि ती चरबी बियरच्या फेसाची वैरी, हे मला नंतर कळलं. मी पाऊंडाचं एक पाकीट घेतलं आणि दोन बॅच त्यातच भागवल्या.

फेब्रुवारीत ११० ग्रॅम निब्स कोरड्या कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परतले, बेसन लाडवाला बेसन भाजताना एका क्षणी वास बदलतो ना, तसा इथेही बदलतो, तिथे गॅस बंद. मग बरणीत बुडतील एवढ्या वोडकात चार दिवस, त्याने जंतू मरतात आणि वासही उतरतो. आंबण्याचा जोर ओसरल्यावर चक्क्याच्या फडक्यात बांधून बादलीत सोडले. फडकं तरंगायला लागलं! मग मुलाच्या चार काचेच्या गोट्या उकळून आत घातल्या तेव्हा कुठे बुडालं. (पोराला अजून सांगितलेलं नाही.) दहा दिवसांनी काढलं.

वास एकदम सुंदर, खरा, डार्क चॉकलेटचा कागद नुकता फाडल्यासारखा. पण घोट घेतला की कोरडं. चॉकलेट कुठाय? यावर मी दोन आठवडे डोकं खाजवलं आणि मग ट्यूब पेटली, निब्स वास देतात, गोडवा देत नाहीत, आणि आपली जीभ गोडाशिवाय त्याला चॉकलेट म्हणायलाच तयार नाही. साधी साखर घालून उपयोग नाही, यीस्ट ती फस्त करतं. लॅक्टोज घालावं लागतं, दुधातली साखर, ती बियरच्या यीस्टला पचत नाही म्हणून तशीच मागे राहते. मिल्क स्टाऊट म्हणतात ती हीच.

एप्रिलची चौथी बॅच मग नीट विचार करून केली. चॉकलेट माल्ट २२५ ग्रॅमवरून ३४० केलं, कारण निम्मं चॉकलेट खरं तर तिथूनच येतं. उकळीच्या शेवटी ४५० ग्रॅम लॅक्टोज. आणि निब्स बादलीत घातलेच नाहीत. १७० ग्रॅम निब्स आणि एक चिरलेली व्हॅनिलाची शेंग वोडकात दोन आठवडे भिजवली, बरणी एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवली, सकाळी वर चरबीचा पांढरट पापुद्रा आला होता, तो चमच्याने अलगद काढला आणि अर्क गाळून घेतला. व्हॅनिला स्वतः फारशी कळत नाही पण चॉकलेट जास्त चॉकलेट वाटायला लागतं.

आणि अंदाजे ओतायचं बंद. मुलांच्या औषधाची सिरिंज घेतली, तीन ग्लासांत १००-१०० मिली बियर, त्यात अर्धा, एक आणि दीड मिली अर्क. अर्ध्याला ‘आहे का काहीतरी?’, दीडला घशात कडवटपणा, एकला बायको म्हणाली हाच. हातात १८ लिटर बियर होती, म्हणजे १८० मिली, सगळा अर्क त्यातच संपला. हे दहा मिनिटांचं काम मी इसेन्सच्या वेळी केलं असतं तर... असो.

सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा) १.०६४, शेवटची १.०२४, म्हणजे अल्कोहोल सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. शेवटचा आकडा जास्त दिसला म्हणून घाबरू नका, तो लॅक्टोजमुळे. फक्त आधी दोन-तीन दिवस आकडा हलत नाही ना ते बघा आणि मगच बाटल्या भरा, नाहीतर आंबणं आतच चालू राहून बाटल्या फुटतात. तीन आठवड्यांनी प्यायलो तेव्हा अर्क वेगळा, बियर वेगळी लागत होती. सहा आठवड्यांनी एकजीव झाली, फेस पण बऱ्यापैकी टिकतो.

दोन गोष्टी सांभाळा. पाहुण्यांना ग्लास देण्याआधी लॅक्टोज आहे हे सांगा, ज्यांना दूध पचत नाही त्यांची रात्र बेकार जाते. आणि उरलेले निब्स कुत्र्याच्या वाटेत टाकू नका, त्यातलं थिओब्रोमीन कुत्र्यांना विषारी असतं. आमचा पठ्ठ्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत पोचलाच होता.

निब्सना पाचपैकी चार. एक कापला तो पाकिटाच्या भावासाठी, आणि पाकीट उघडल्यावर दोन महिन्यांत वास निम्मा होतो म्हणून, माझे उरलेले आता हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये आहेत. चौथ्या बॅचच्या अकरा बाटल्या राहिल्यात. कुंडीवाल्या मित्राला शनिवारी बोलावलंय.