६४ जीबीच्या रेकॉर्डरने गिळलेली आख्यानं

स्वस्त व्हॉइस रेकॉर्डरच्या खोक्यावर ६४ जीबी छापलेलं असतं. संगणकाला जोडला तर तोही ६४ जीबीच दाखवतो. आणि तरीही ते धादांत खोटं असू शकतं.

ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाच्या आरंभी ढोलीबुवांची हरिकथा होते. त्या परंपरेतली कीर्तनं लहानपणापासून ऐकत आलेली आमची आत्या नव्वदीला टेकली, पण आख्यानं, पदं, आर्या सगळं तोंडपाठ. ते जपून ठेवायचं म्हणून ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या एका दुकानातून बोटाएवढा रेकॉर्डर आणला. "सौ घंटे आराम से चलेगा," असं दुकानदाराने सांगितलं. हिशेबही जुळत होता: सीडीच्या दर्जाचं वेव्ह रेकॉर्डिंग तासाला साधारण ६३५ एमबी जागा घेतं. पहिल्या फायली वाजवून पाहिल्या, आवाज स्वच्छ. मग चातुर्मासात दुपारच्या वेळी आत्या सांगत गेली, आम्ही भरत गेलो.

फायली संगणकावर उतरवताना कळलं. नावं, तारखा, लांबी सगळं जागच्या जागी. पण साधारण बारा तासांपुढचं काहीच वाजेना. कुठे खरखर, कुठे काहीच नाही. सीतास्वयंवर वाचलं. सुदामचरित्र गेलं, द्रौपदीवस्त्रहरण गेलं. आत्याला पुन्हा म्हणायला सांगावं एवढा दम आता तिच्यात नाही.

आत चिप ८ जीबीची होती. चिपचा कारभार पाहणाऱ्या कंट्रोलरमधली माहिती बदलून तिला ६४ सांगायला लावलेलं असतं. खरी जागा संपल्यावरही दिवा लुकलुकतो, मिनिटांचे आकडे पुढे सरकतात. अनुक्रमणिका शाबूत आणि आतली पानं कोरी, तसं. हा बनावटीतला दोष नव्हे, ही ठरवून केलेली लबाडी आहे.

दुकानदार म्हणाला, "मेमोरी की गारंटी नहीं होती." पुढे एकाने डेटा रिकव्हरीचे पैसे मागितले. ते मुळीच देऊ नका. पुसलेलं कधीकधी परत मिळतं. इथे आवाज चिपवर लिहिलाच गेलेला नसतो.

म्हणून नवा रेकॉर्डर आणला की त्यात काहीही भरण्याआधी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू (H2testw) किंवा लिनक्स-मॅकवर एफ३ (F3) हा तपासणीचा प्रोग्राम चालवा. दोन्ही फुकट आहेत. रिकामी जागा शेवटपर्यंत भरून ती परत वाचून पाहतात, तेव्हा खोटेपणा लपत नाही. वेळ बराच लागतो, लागू द्या. पक्कं बिल मागा. परदेशी माल असेल तर खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर ते नव्हतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आम्ही तक्रार नोंदवली आहे.

असा रेकॉर्डर घरात आधीपासून असेल, तर आजच त्यातली सर्वांत अलीकडची फाइल लावून ऐका. वाजली नाही तर फॉरमॅट करू नका, त्यात नवीन काही भरू नका. जुन्या ज्या वाजतात त्या लगेच दुसरीकडे उतरवून घ्या.