जन्मजात व्यंगं शोधणारं सॉफ्टवेअर: आठ महिन्यांनंतर

आमच्या नोंद विभागात हे आल्याला आठ महिने झाले. त्याआधी प्रसूतिगृहाचं रजिस्टर, नवजात कक्षाचं रजिस्टर आणि डिस्चार्ज कार्डं समोर ठेवून मी हाताने वही भरायचे.

सॉफ्टवेअर रोज रात्री डिस्चार्जच्या नोंदी चाळतं आणि आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक कोडयादीतल्या क्यू०० ते क्यू९९ या जन्मजात व्यंगांच्या कोडांची बाळं सकाळी यादीत देतं. मला सर्वात आवडलं ते हे, की कोडाशेजारी डॉक्टरांनी लिहिलेलं मूळ वाक्यही दिसतं. एकदा क्यू०५, म्हणजे दुभंगलेला मणका, असा कोड आला. शेजारी वाक्य होतं: ‘सोनोग्राफीत शंका, जन्मानंतर मणका नॉर्मल.’ नुसता कोड धरला असता तर धडधाकट बाळ व्यंगांत मोजलं गेलं असतं. ‘संशयित’ आणि ‘खात्रीचं’ असे वेगळे रकाने आहेत, तेही फार उपयोगी.

त्रास झाला तो क्यू२५.० चा. हा कोड हृदयाजवळची एक नळी उघडी राहण्याचा. ती नळी गर्भात उघडीच असते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात उशिरा मिटते. ते व्यंग नव्हे. सुरुवातीला अशी सगळी बाळं यादीत यायची. ३७ आठवड्यांआधी जन्मलेली अशी बाळं वगळणारी गाळणी आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन आपणच लावायची. घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी लावून घ्या.

खरी तक्रार पुढे आहे. मृत जन्मलेल्या बाळाचा स्वतंत्र केसपेपर नसतो, नोंद आईच्याच कागदांत राहते, आणि सॉफ्टवेअर तिथे बघतच नाही. कवटीच न बनलेली बाळं बहुतेक याच वाटेने जातात. ती सुटली की मेंदू-मणक्याच्या व्यंगांचा आकडा खोटाच कमी दिसतो.

आई-बाळाची जोडणीही कच्ची आहे. बाळ दुसऱ्या खेपेला दाखल झालं की आईची औषधं दिसत नाहीत. १९८२ साली फ्रान्समधल्या लिऑनच्या जन्मजात व्यंगांच्या नोंदणीतून व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाचा दुभंगलेल्या मणक्याशी संबंध उजेडात आला, तो आईने घेतलेलं औषध आणि बाळाचं व्यंग एकत्र बघता आलं म्हणून. इथे नेमकं तेच तुटतं.

कंपनीला दोनदा लिहिलं. ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ एवढंच उत्तर आलं. सध्या पाचपैकी तीन तारे. मृतजन्मांसाठी मी अजूनही दर सोमवारी वही घेऊन प्रसूतिगृहात जाते.