रात्री बारानंतरची तारीख: जॅझच्या सहलींसाठी घेतलेलं अ‍ॅप, आठ महिन्यांनंतर

"मॅडम, ही गाडी तुमची काल रात्रीच गेली."

सीएसएमटीच्या फलाटावर टीसी माझा फोन हातात धरून हे सांगत होते तेव्हा २६ जानेवारीचे साडेबारा वाजले होते. आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र व वहिनी. समोर गाडी उभी, दारावरच्या यादीत आमची नावं नाहीत. तिकिटावर तारीख २५ जानेवारी आणि वेळ मध्यरात्रीनंतरची. म्हणजे शनिवारच्या रात्रीची गाडी, आणि आम्ही उभे रविवारच्या रात्री. चौघांच्या थर्ड एसीचे पैसे गेले. ज्या अ‍ॅपच्या भरवशावर हे तिकीट काढलं, त्याचे वर्षाचे १,४९९ रुपये मी ऑगस्टमध्येच भरले होते.

सहली आखणारी ही अ‍ॅपं काय करतात ते आता सगळ्यांना माहीत आहे: दिवसांचे रकाने, नकाशा, तिकीट, खर्चाची वाटणी. त्यात जात नाही. मला लिहायचं आहे ते एका दोषाबद्दल. जॅझ ऐकायला शहरोशहरी जाणाऱ्या माणसाला बाकी सगळं चालेल, पण हा दोष चालणार नाही. ह्या अ‍ॅपचा दिवस रात्री बाराला संपतो. जॅझची रात्र बाराला संपत नाही.

आधी नाशिककरांची अडचण सांगते. मुंबई आपल्याला धड जवळ नाही, धड लांब नाही. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी पकडली की पावणेअकरापर्यंत सीएसएमटी. पण परतीची पंचवटी संध्याकाळी सव्वासहाला सुटते. ती ऑफिसवाल्यांची, पासवाल्यांची गाडी. ती कसाऱ्याचा घाट चढत असते तेव्हा क्लबात कुठे ड्रमचे स्टँड लावायला सुरुवात होते. मग उरतात तीन वाटा: मुंबईत एक रात्र जास्तीची खोली, कसारा लोकल आणि पुढे टॅक्सी, नाहीतर मध्यरात्रीनंतर उत्तरेकडे जाणारी एखादी गाडी. जोडून सुट्ट्या आल्या की मुंबईत खोल्यांचे भाव असे चढतात की एक रात्र वाचवणं म्हणजे पुढच्या सहलीचं भाडं सुटणं. म्हणून आम्ही तिसरी वाट धरतो. तिथेच हे अ‍ॅप घसरतं.

झालं असं. २५ जानेवारीच्या रकान्यात मी क्रमानं लिहिलं: रात्री साडेनऊ पहिला सेट (म्हणजे वादनाचा एक सलग भाग), अकरा दुसरा सेट, ००:३५ परतीची गाडी. अ‍ॅपनं ते वेळेप्रमाणे लावून घेतलं आणि ००:३५ ची गाडी सगळ्यात वर, पहाटेच्या जागी नेऊन ठेवली. मी खालचं वाचत राहिले. 'तिकीट काढा' दाबलं तेव्हा रकान्याची तारीख तशीच पुढे गेली, २५. रेल्वेच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. पण माणसाच्या बोलण्यात 'रविवारी रात्रीची साडेबाराची गाडी' म्हणजे रविवारचीच रात्र असते. सहल आखण्याचे पैसे घेणाऱ्या अ‍ॅपनं एवढं विचारायला हवं होतं: ही गाडी कार्यक्रमाच्या आधीची की नंतरची? एका ओळीचा प्रश्न.

ती रात्र आम्ही स्टेशनावर काढली. प्रजासत्ताक दिनासाठी बाहेर इमारत तिरंग्यात उजळलेली, आत आम्ही बॅगा उशाशी घेऊन बसलेलो. पहाटेच्या तपोवननं जनरलच्या तिकिटावर घरी आलो. वहिनींनी एका शब्दानं तक्रार केली नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

'दुसऱ्या सेटला थांबायचंच कशाला, पहिला ऐकून निघायचं,' असं मला दोन जणांनी सुचवलं. त्यांना माझं उत्तर: तुम्ही मैफलीतून भैरवीच्या आधी उठता का? पहिल्या सेटमध्ये वादक खोली जोखत असतात. सुरावटी ओळखीच्या, सोलो आटोपशीर, लोक जेवत असतात. दुसऱ्या सेटपर्यंत जेवणारे निघून जातात आणि ऐकणारे उरतात. मग पियानोवाला एखादी धून इतकी संथ करतो की बासचा एकेक स्वर मोजता येतो. ड्रमर आणि सॅक्सोफोनवाला चार-चार मात्रांच्या चार आवर्तनांनी सवाल-जवाब करतात. श्रोत्यांत बसलेला एखादा पाहुणा वादक वाद्य घेऊन वर जातो. २५ तारखेला हेच झालं. एक तरुण ट्रम्पेटवाला शेवटच्या दोन धुनांसाठी वर गेला आणि त्यानं अगदी हळू, म्यूट (आवाज दबवणारं झाकण) लावून वाजवलं. त्या वीस मिनिटांसाठी मी पुन्हा एकदा स्टेशनावर रात्र काढेन. पण ती माझ्या मर्जीनं काढेन, चुकीच्या तारखेमुळे नाही.

आता तक्रारीचं. अ‍ॅपच्या मदत विभागाशी नऊ दिवस लेखी बोलणं चाललं. पहिलं उत्तर: तारीख पडद्यावर दिसत होती, आपण तपासायला हवी होती. दुसरं: तिकिटाचे पैसे रेल्वेकडे गेले, आमच्याकडे नाहीत. तिसरं: सदिच्छा म्हणून ३० दिवस वाढवून देतो. मी हिशेबाचं काम करते. ३१ मार्चची नोंद १ एप्रिलला गेली तर काय होतं ते मला दरवर्षी निस्तरावं लागतं. तारखेची जबाबदारी माझीही होती, हे मी पहिल्याच निरोपात मान्य केलं होतं. मला पैसे परत नको होते, चूक दुरुस्त झालेली हवी होती. ते ३० दिवस मी घेतले नाहीत.

इथवर लिहिलं ते फेब्रुवारीतलं. तेव्हा मी एकच तारा देणार होते. पण आठ महिन्यांचा हिशेब मांडायला बसले तेव्हा काही गोष्टी अ‍ॅपच्या बाजूनं लिहिणं भाग आहे.

१५ ऑगस्टला शुक्रवार होता, ती आमची पहिली सहल. तेव्हा आणि नोव्हेंबरात ह्या अ‍ॅपनं काहीच त्रास दिला नाही. नोव्हेंबरात आम्ही एनसीपीए ह्या मुंबईतल्या कलाकेंद्राच्या जॅझ महोत्सवाला गेलो होतो. तिथे कार्यक्रम वेळेवर सुरू होतो आणि वेळेवर संपतो, त्यामुळे बारानंतरचा प्रश्नच आला नाही. तिथल्या टाटा थिएटरची रचना वास्तुकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी केलेली. तिथे मागच्या स्वस्त रांगेतही ब्रशनं वाजवलेला स्नेअर ड्रम स्वच्छ ऐकू येतो. पैसे वाचवायचे असतील तर तिथे पुढच्या रांगेचा हट्ट धरू नका. डिसेंबरात नाताळ गुरुवारी आला, शुक्रवारची रजा टाकून कोलकाता केलं. पार्क स्ट्रीटवर त्या दिवसांत चालायला जागा नसते, ट्रिंकाज ह्या रेस्टॉरंटला आधी फोन करून टेबल ठेवलं म्हणून बसता आलं. तिथे नेट अडखळत होतं, पण उतरवून ठेवलेला नकाशा शेवटपर्यंत चालला. चार सहलींत चौघांच्या खर्चाची वाटणी एका रुपयाचाही घोळ न होता झाली. दोन जोडपी एकत्र फिरतात तेव्हा ह्याची किंमत काय असते ते फिरणाऱ्यांना कळेल.

पण 'जॅझ' असं शोधलं की अ‍ॅप काय दाखवतं? मुंबईसाठी मला अकरा ठिकाणं दिली. मी एकेका ठिकाणी फोन केला. सात ठिकाणी फक्त रेकॉर्डिंग लावतात. एका ठिकाणी कीबोर्डवर एकटा माणूस मागे तयार ताल लावून वाजवतो. म्हणून आमची पद्धत अशी झाली आहे: जागेच्या जाहिरातीवर विसंबायचं नाही, वादक स्वतः त्यांच्या पानावर काय लिहितात ते बघायचं. मग फोन करून तीनच गोष्टी विचारायच्या. बास वाजवणारा माणूस आहे का, दुसरा सेट किती वाजता, आणि कव्हर चार्ज (आत जायचे पैसे) जेवणातून वळता होतो का. पहिल्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर ते जेवणाचं ठिकाण आहे, जॅझचं नाही.

मंडप, मैदान आणि क्लब ह्यांतला फरकही अ‍ॅपला कळत नाही. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतो, हे आपल्या गावातल्या कार्यक्रमांवरून सगळ्यांना ठाऊक आहे. बंदिस्त जागेला ती अट तशी लागू नसते. त्यामुळे उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर दहानंतरची लोकल नक्की मिळते, क्लब असेल तर नाही. सहलीचा सगळा आराखडा ह्या एका गोष्टीवर फिरतो.

दिवसा काय करायचं, इथेही अ‍ॅप गेटवे आणि मॉलच्या पुढे जात नाही. आम्ही स्वतः आखलेली वाट देते, फुकट आहे आणि अर्ध्या दिवसात पायी होते. ताजपासून सुरुवात करायची. १९३५ मध्ये अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला बँड घेऊन तिथे आले आणि मुंबईला खरा स्विंग, म्हणजे नाचायला लावणारा जॅझ, ऐकू आला. मागून अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट तिथेच गाजला. आणि हाच चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर, जन्म १९१८, गाव पुणतांबा. मनमाडहून खाली जाताना ते स्टेशन लागतं. पुणतांब्याचा माणूस आणि ताजमधला ट्रम्पेट एका रेकॉर्डिंगच्या खोलीत भेटले, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं होतं.

तिथून काळा घोडा. ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं जुनं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, अ‍ॅपवर ते अजून 'खरेदी' ह्या रकान्यात आहे. पुढे वीर नरिमन रोड, म्हणजे जुनं चर्चगेट स्ट्रीट. पन्नास-साठच्या दशकांत इथल्या रेस्टॉरंटांत रोज रात्री बँड असायचे. मग धोबीतलाव. फुर्तादोजमध्ये वाद्यं बघायची, कयानीत चहा घ्यायचा आणि रंगभवन ह्या खुल्या नाट्यगृहाच्या फाटकाशी दोन मिनिटं थांबायचं. १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला, पहिल्याच वर्षी अमेरिकन सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स येऊन वाजवून गेले. रंगभवनातल्या उघड्या आकाशाखालच्या जॅझच्या रात्री त्या यात्रेतल्या. परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातलं संगीत थांबलं. मी त्या काळी तिथे असायला हवं होतं असं मला दर वेळी वाटतं.

मार्चअखेर अ‍ॅप अद्ययावत झालं. आता बारानंतरची वेळ टाकली की बाजूला लहान अक्षरात '+१' येतं आणि ती ओळ रकान्याच्या तळाशीच राहते. मी पाच वेळा करून बघितलं. खरं सांगते, मला आनंद झाला. माझ्या तक्रारीमुळे केलं की आपोआप आलं, ते त्यांनी कळवलेलं नाही. मी मात्र आभाराचा निरोप पाठवला. तारे एकावरून तीन केले. चौथा दिला नाही, कारण 'तिकीट काढा' दाबलं की पुढच्या पानावर अजूनही रकान्याचीच तारीख जाते, '+१' मागेच राहतं. म्हणजे दाखवताना बरोबर आणि पैसे घेताना चूक. ज्यांचं हे अ‍ॅप आहे त्यांनी कृपया हे वाचावं.

आता ३० एप्रिल गुरुवारी आहे, आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, मग शनिवार-रविवार. ह्या वेळी गाडी शेवटच्या नव्हे, पहिल्याच रात्री लागणार आहे. वहिनींच्या भाचीचं शुक्रवारी दुपारी नाशिकमध्ये केळवण आहे, तेवढ्यासाठी आम्ही दोघी गुरुवारचा दुसरा सेट ऐकून परतणार. पुरुष मंडळी मुंबईतच थांबतील आणि आम्ही शनिवारच्या पंचवटीनं पुन्हा जाऊ. सेटच्या वेळा अ‍ॅपमध्ये भरल्या आहेत. दोघींचं तिकीट काल रेल्वेच्या साइटवरून वेगळं काढलं, तारीख १ मे. काढून झाल्यावर वहिनींना फोन करून ती मोठ्यानं वाचून दाखवली, आणि त्यांनी ती मला परत वाचून दाखवली.