दार्जिलिंगचं विंडामिअर: संध्याकाळी पाचनंतर उपयोगी पडणारं हॉटेल

दार्जिलिंगचं हॉटेल ठरवताना बहुतेक जण खोलीतून कांचनजंगा दिसतं का, एवढंच विचारतात. खरं तर आधी विचारायला हवं ते हे, की संध्याकाळी पाच ते सकाळी सात या वेळात तिथे सोय काय आहे? शहर पूर्वेला असल्यामुळे डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे मुंबई-पुण्याच्या सव्वा तास आधी. सात-साडेसातला बाजारातली शटरं खाली यायला लागतात. उंची साधारण दोन हजार मीटर, त्यामुळे जानेवारीच्या रात्री पारा दोन-तीन अंशांवर येतो. एवढा सगळा वेळ काढायचा तो हॉटेलातच. चौरस्ता या शहराच्या मुख्य चौकाच्या वर, ऑब्झर्व्हेटरी हिलच्या उतारावर असलेलं विंडामिअर या कसोटीवर आजही आपल्या जागी पक्कं आहे.

एकोणिसाव्या शतकात चहामळ्यांवरच्या अविवाहित इंग्रज साहेबांसाठी हे बोर्डिंग हाउस सुरू झालं. १९३९ साली त्याचं हॉटेल झालं, आणि तेव्हापासून ते तेंडुफ-ला या कुटुंबाकडे आहे. १९५९ मध्ये होप कुक ही अमेरिकन विद्यार्थिनी याच हॉटेलच्या लाउंजमध्ये सिक्कीमचे युवराज पाल्देन थोंडुप नामग्याल यांना भेटली आणि १९६३ मध्ये त्यांचं लग्न झालं. हा किस्सा इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडतोच. पाहुण्याला उपयोगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. हे एका साच्यातून काढलेलं हॉटेल नाही. टेकडीच्या उतारावर वेगवेगळ्या काळात उभ्या राहिलेल्या बंगल्यांचा तो समूह आहे. त्यामुळे ‘विंडामिअरची खोली’ अशी एकच गोष्ट नसते. एखादी ऐसपैस, एखादी आटोपशीर, एखादीतून हिमशिखरं दिसतात तर एखादीतून दरी किंवा बाग. बुकिंग करताना नुसतं ‘डबल रूम’ म्हणू नका. कोणत्या इमारतीत, किती पायऱ्या चढून, खिडकी कुठल्या बाजूला आणि फायरप्लेस आहे का, ही चार उत्तरं लेखी मागून घ्या.

फायरप्लेस हाच इथे राहण्याचा गाभा आहे. संध्याकाळी कर्मचारी बादलीभर दगडी कोळसा घेऊन येतो. आधी जाळीवर कागदाचे बोळे, त्यावर ढलप्या आणि काटक्या, आणि त्या नीट पेटल्या की मग सुपारीपेक्षा थोडे मोठे कोळसे, एक एक करून. मोठे तुकडे शेवटी. पहिली वीस मिनिटं ज्वाळा दिसतात पण ऊब फारशी नसते. खरी ऊब निखारे लाल झाले की सुरू होते आणि नीट रचलेली आग दोन-तीन तास सहज टिकते. म्हणून आग कधी पेटवायची ते आधीच सांगून ठेवावं. रात्री दहाला झोपायचं असेल तर सहा-साडेसहा ही चांगली वेळ. आठला पेटवली तर खोली तापायच्या आत डोळे मिटतात.

कोळशाची आग खोली सगळीकडून सारखी तापवत नाही. समोर बसलेल्याच्या गुडघ्यांना चटका बसतो, तेव्हा पाठ थंडच असते आणि बाथरूमपर्यंत तर ऊब पोचतच नाही. खुर्ची दीड-दोन मीटरवर तिरकी ठेवली आणि पाठीवर शाल घेतली की जमतं. कधी पेटवल्याबरोबर धूर चिमणीत न जाता खोलीत येतो. धुक्याच्या, दमट दिवशी हे हमखास होतं, कारण चिमणीत गार, जड हवा बसलेली असते आणि कोवळ्या आगीला ती वर ढकलता येत नाही. खिडकी बोटभर उघडावी आणि कर्मचाऱ्याला आधी एक पेटता कागद चिमणीच्या तोंडाशी धरायला सांगावं. चिमणी तापली की धूर आपोआप वर खेचला जातो. झोपताना नवा कोळसा घालू नये, जाळीचा पडदा पुढे ओढून घ्यावा आणि एक खिडकी किंचित उघडी ठेवावी. निखारे धुमसत राहिले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. इथली आग चिमणीखाली असते, त्यामुळे बंद खोलीत शेगडी ठेवण्याइतका धोका नाही. तरी ही काळजी घ्यायचीच. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आग लावूच नये, त्याऐवजी विजेचा हीटर मिळेल का ते बुकिंगच्या वेळीच ठरवावं.

दुसरी सोय साधी आहे, पण तिच्यामुळे रात्र बदलते. पाहुणे जेवायला गेले की पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते. ओल्या हवेच्या गावात गादी आणि रजई नुसती थंड नसते, दमट असते. अंगाच्या उबेने ती कोरडी व्हायला तासभर लागतो आणि तेवढा वेळ झोप लागत नाही. पिशवी हे काम आधीच करून ठेवते. रात्री पुन्हा भरून घ्यायची असेल तर दोन-तृतीयांशच भरावी, आतली हवा दाबून काढावी आणि मग बूच फिरवावं. पूर्ण भरलेली पिशवी अंगाखाली दाबली गेली की बुचाजवळ पाझरते. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी पिशवी पायाला लावून झोपू नये. चटका बसलेला कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. झोपायच्या आधी ती काढून ठेवली तरी अंथरूण गरम राहतंच.

बाथरूममध्ये जुन्या घाटाचे, पाय असलेले बाथटब आहेत. फोटोत फार छान दिसतात. पण टब भरायला सव्वाशे-दीडशे लिटर पाणी लागतं आणि दार्जिलिंग हे पाण्याच्या टंचाईचं शहर आहे. शहराला पाणी येतं ते सिंचलच्या तलावांतून आणि ते तलाव ब्रिटिश काळातल्या छोट्या वस्तीसाठी बांधलेले. मार्च ते मे या महिन्यांत रस्त्यावर पाण्याचे टँकर सतत दिसतात. या दिवसांत टब भरणं टाळावं असं आमचं स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात भरायचा असेल तर संध्याकाळी, आग पेटल्यावर. आधी गरम पाणी सोडावं आणि मग गार, कारण लोखंडी टब स्वतःच पाण्याची बरीच उष्णता पिऊन टाकतो. कुठल्याही हॉटेलात गिझर पंचवीस लिटरचा असेल तर टबाचं नाव काढू नये. बादली-मग मागून घ्यावा.

दुपारचा चहा डेझीज म्युझिक रूममध्ये मिळतो. पियानो, जुने फोटो, मऊ खुर्च्या, आणि सोबत सँडविच, स्कोन, केक. बाहेरून नुसत्या चहासाठी येणारेही असतात, पण मुक्काम करणाऱ्याने ही वेळ चुकवू नये. चहा स्वच्छ दार्जिलिंग असतो, दूध न घालता प्यायचा. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात खुडलेला फर्स्ट फ्लश फिकट सोनेरी आणि थोडा तुरट लागतो. मे-जूनचा सेकंड फ्लश गडद, त्याला मस्कटेल म्हणतात तो द्राक्षांच्या वळणाचा गंध. या उंचीवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं. कोवळ्या पानाला ते बरोबर मानवतं: कपाला दोन-अडीच ग्रॅम पत्ती, तीन मिनिटं, मग गाळून घ्यायची. किटलीत पत्ती तशीच राहिली तर दुसरा कप कडू होतो, म्हणून पहिलं ओतून झाल्यावर गरम पाण्याची वेगळी किटली मागा. आपल्या सवयीचा दूध-साखर-आल्याचा चहा हवा असेल तर तो सीटीसी म्हणजे दाणेदार पत्तीचाच वेगळा सांगावा. फर्स्ट फ्लशमध्ये दूध घातलं तर ना चहाची चव राहते ना दुधाची.

दरात सकाळच्या न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं धरलेलं असतं. आकडा पाहून दचकायला होतं, पण तुलना करताना दुसऱ्या हॉटेलच्या भाड्यात दोघांची दोन जेवणं आणि चहा मिळवून मगच करावी. शिवाय खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी लागतो, तो दरात धरलेला आहे की वेगळा, ते विचारून घ्यावं. जेवण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मेनूचं. सूप, भाजलेलं किंवा बेक केलेलं काहीतरी, भारतीय भाज्या-डाळ-भात आणि शेवटी पुडिंग, असा जुन्या अँग्लो-इंडियन घराचा बाज. तिखट खाणाऱ्यांना ते मिळमिळीत वाटणार, तेव्हा शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी बरोबर असू द्या. शुद्ध शाकाहारी असाल तर एवढंच सांगून भागत नाही. पुडिंग आणि केकमध्ये अंडं असतं, सूपचा स्टॉक मांसाचा असू शकतो. दोन्ही गोष्टी नावानिशी सांगाव्यात, आणि जैन जेवण हवं असेल तर ते बुकिंगलाच.

मोमो आणि थुक्पा (नूडल्सचं तिबेटी सूप) बाहेरच खावेत. गांधी रोडवरच्या कुंगासारख्या लहान तिबेटी खाणावळीत ते जास्त चांगले मिळतात. एक दुपार त्यासाठी ठेवली तर हॉटेलचं एक जेवण वाया जातं, तरी तेवढं चालेल. दोन दुपारी बाहेर काढणार असाल तर या हॉटेलचे पैसे देण्यात अर्थ नाही.

सकाळच्या बाबतीत आमचा सल्ला टूरवाल्यांच्या उलट आहे. टायगर हिल अकरा किलोमीटरवर. साडेतीन-चारला उठून जीपच्या रांगेत जायचं आणि गर्दीत मान उंचावून सूर्योदय पाहायचा, असा तो कार्यक्रम. तिथून हवा अगदी स्वच्छ असेल तर एव्हरेस्टचं टोकही दिसतं, तो ज्याचा हट्ट आहे त्याने जरूर जावं. पण ८५८६ मीटरच्या कांचनजंगावर पडणारं पहिलं ऊन पाहायला एवढी यातायात लागत नाही. हॉटेलच्या दारातून खाली उतरलं की ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालणारा भानुभक्त सरणी हा रस्ता लागतो. त्याच्या उत्तरेकडच्या बाकांवरून अख्खी रांग समोर असते. पूर्ण फेरी वीस-पंचवीस मिनिटांची, रस्ता सपाट, गाड्या नाहीत. डिसेंबरात सव्वासहाच्या जरा आधी आणि मेमध्ये पावणेपाचच्या आधी तिथे पोचावं. परतल्यावर न्याहारी तयार असते. टेकडीच्या माथ्यावर महाकाल मंदिर आहे, हिंदू आणि बौद्ध दोघांचं, लुंगटा या बौद्ध प्रार्थनेच्या पताकांनी भरलेलं. माकडं भरपूर आहेत, तेव्हा हातात पिशवी नको आणि खोलीबाहेर पडताना खिडकी लावायला विसरू नका.

आता कोणी इथे येऊ नये ते. लिफ्ट नाही, चढ आणि पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील किंवा व्हीलचेअर लागत असेल तर गाडी दारापर्यंत जाणारं दुसरं हॉटेल पाहावं. टीव्हीवाचून संध्याकाळ जात नसेल त्यांनीही विचार करावा, कारण या हॉटेलने खोल्यांमध्ये टीव्ही न ठेवण्याचीच पद्धत जपली आहे. सहा-आठ वर्षांची मुलं असतील तर पत्ते, कॅरम, गोष्टींची पुस्तकं बरोबर न्या आणि आगीसमोर त्यांना एकटं सोडू नका. खोलीभर एकसारखी ऊब हवी असेल तर सेंट्रल हीटिंगचं आधुनिक हॉटेल बरं. जुना थाट हवा पण चौरस्त्याच्या वरचा हा चढ नको, अशांसाठी कूचबिहारच्या महाराजांचं एके काळचं उन्हाळी निवासस्थान असलेलं एल्गिन आहे.

सामानाचंही आधी ठरवा. चौरस्त्यावर गाड्यांना बंदी आहे. ड्रायव्हर कुठे सोडणार ते निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून पक्कं करावं आणि हमाल तिथे पाठवायला सांगावं. हमाल कपाळावरून नाम्लो हा पट्टा घेऊन पाठीवर ओझं वाहतात, त्यात बायकाही असतात. एक तीस किलोची सुटकेस नेण्यापेक्षा दोन छोट्या बॅगा न्या. चढावर चाकं निरुपयोगी ठरतात. मजुरी आधी ठरवावी आणि घासाघीस करू नये.

मोसमाचं गणित सरळ आहे. दुर्गापूजेत बंगालमधून प्रचंड गर्दी येते आणि दर चढतात. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत ती ओसरलेली असते आणि नोव्हेंबरात आकाशही सगळ्यात स्वच्छ. मे महिन्यात धुरकट हवेमुळे दहा वाजता शिखरं गायब होतात, शिवाय पाण्याची टंचाई. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, दरडी पडतात. पावसाळ्यात कुणी आलंच तर ओले बूट आगीपासून हातभर लांब ठेवावेत. जवळ ठेवले तर तळव्याचा डिंक सुटतो.

मुक्काम दोन रात्रींचा हवा. बागडोगरा विमानतळ साधारण सत्तर किलोमीटर, कर्सियांगमार्गे साडेतीन तास, आणि घूमजवळ टॉय ट्रेन आणि जीपगाड्यांची कोंडी झाली तर चार-साडेचार. दुपारी दोनला उतरणाऱ्या विमानाने पहिल्या दिवशीचा चहा गाठता येत नाही. सकाळचं विमान मिळालं तर घ्यावं, नाहीतर पहिल्या संध्याकाळी पोचायच्या तासभर आधी फोन करून आग पेटवायला सांगावी. परतीला विमानाच्या वेळेआधी सहा तास निघावं. दुपारी एकचं उड्डाण असेल तर सातला गाडी, म्हणजे बसून न्याहारी होणार नाही. आदल्या रात्रीच ती डब्यात बांधून मागावी. ती दरात धरलेलीच आहे.